परसातील अंजिराच्या पानांवरील विकार : ओळख व उपाय

अंजिराचे झाड म्हटले की पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका डोळ्यांसमोर येतो. सासवड, दिवे, राजेवाडी ह्या परिसरातील बागा प्रसिद्ध आहेत, व २०१६ साली पुरंदरच्या अंजिरास भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मराठवाड्यात दौलताबादकडील अंजीरही नावाजलेले आहे. परंतु प्रस्तुत लेख बागायतदारांसाठी नाही. घरामागे, विहिरीच्या कडेस अथवा न्हाणीजवळ एखादे-दुसरे अंजिराचे झाड अनेक घरांतून असते. त्याची निगा कोणी मुद्दाम करीत नाही. झाड चार-सहा वर्षे चांगले फळते आणि मग एके वर्षी पाने पिवळी पडून झडू लागतात. अशा वेळी गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यास बोलावणे येते, व पुष्कळदा तो पान हातात घेण्याआधीच औषधाचे नाव सांगून मोकळा होतो.

ही घाई दोन कारणांनी घातक आहे. पान पिवळे पडण्याची कारणे निदान आठ-दहा आहेत व त्यांपैकी निम्म्यांवर फवारणीचा काडीचाही उपयोग नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अंजीर हे सालीसकट खाण्याचे फळ आहे. परसातील झाडाची फळे घरातील मुले झाडावरून तोडून, बहुधा न धुताच, तोंडात टाकतात. बागेतील फळ बाजारात जाईपर्यंत काही काळ तरी जातो. येथे तोही जात नाही. म्हणून परसातील झाडावर विषारी औषध मारण्यापूर्वी ते खरोखरच हवे आहे काय, ह्याची खात्री करून घेणे हे कार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य समजावे. कपाटात पडून राहिलेले जुने डबे तर मुळीच उघडू नयेत. डीडीटीच्या शेतीतील वापरावर १९८९ साली व बीएचसीवर १९९७ साली आपल्या देशात बंदी आली; तरीही जुन्या घरांच्या माळ्यावर त्यांची पुडकी अधूनमधून सापडतात.

पान कसे पाहावे

झाडाजवळ गेल्यावर प्रथम पाच पावले दूर उभे राहून संपूर्ण झाड पाहावे. सर्व झाड पिवळे आहे, की एकच फांदी? खालची जुनी पाने बिघडली आहेत, की शेंड्याकडील कोवळी? एकच फांदी कोमेजली असेल तर दोष त्या फांदीत अथवा तिच्या बुडाशी खोडात असण्याचा संभव असतो. सर्व झाड निस्तेज दिसत असेल तर मुळांकडे व पाण्याकडे लक्ष द्यावे. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव, खारे पाणी अथवा तांबेरा ह्यांचा विचार करावा. कोवळी पाने पिवळी व त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर बहुधा लोहाची उणीव असते.

नंतर पान तोडून उलटे करावे. अंजिराचे पान वरून खरखरीत व खालून लवयुक्त असते. रोगाची बहुतेक लक्षणे ह्या खालच्या बाजूस लपलेली असतात. पानाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवावे. बोटास तपकिरी भुकटी लागली तर तांबेरा, चिकटपणा लागला तर मावा, पिठ्या ढेकूण अथवा खवले कीड, बारीक जाळे लागले तर कोळी. काहीच न लागता पानाची कड मात्र कागदासारखी वाळलेली असेल, तर दोष बहुधा जमिनीत किंवा पाण्यात असतो. ह्या बोटाच्या परीक्षेस ना पैसा लागतो ना उपकरण, आणि निम्मे निदान तिच्यानेच होते.

येथे एक सूचना आवश्यक आहे. अंजिराचा पांढरा चीक अंगावर पडून त्यावर ऊन लागल्यास कातडी भाजल्याप्रमाणे लाल होते व फोडही येतात. पाने व फांद्या हाताळताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, हातास फडके गुंडाळावे व काम संपताच साबणाने हात धुवावेत. मुलांना हे काम देऊ नये.

तांबेरा

परसातील अंजिरावर सर्वांत अधिक आढळणारा व सर्वांत अधिक नुकसान करणारा विकार म्हणजे तांबेरा होय. हा रोग सेरोटेलियम फिकाय नावाच्या बुरशीमुळे होतो. प्रथम पानाच्या वरील बाजूस लहान, कोनाकार, पिवळसर हिरवे ठिपके दिसतात. ते इतके बारीक असतात की घरच्या माणसांचे त्यांकडे सहसा लक्ष जात नाही. त्याच ठिपक्यांच्या खाली, पानाच्या मागील बाजूस, किंचित उचललेले तपकिरी फोड येतात. ते फुटले की दालचिनीच्या भुकटीसारखी पूड बाहेर पडते. ही पूड म्हणजेच बुरशीचे बीजाणू. वाऱ्याबरोबर ते पानोपानी पसरतात व पानावर ओल असली की रुजतात. पुढे ठिपके एकमेकांत मिसळतात, पान कडेने तपकिरी होऊन वळते व गळून पडते.

पावसाळ्यात, विशेषतः पाऊस व ऊन आळीपाळीने असताना, रोग झपाट्याने वाढतो. प्रखर प्रादुर्भावात थोड्याच आठवड्यांत झाड उघडे पडते. पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. ते बंद पडल्यावर फांदीवर असलेली फळे नीट पोसत नाहीत, त्यांस गोडी येत नाही, व पुष्कळशी पिकण्यापूर्वीच गळतात. शिवाय पाने अकाली झडल्यावर झाड साठवलेल्या अन्नावर पुन्हा पालवी काढते व ती पालवीही रोगास बळी पडते. असे दोन-तीन वर्षे घडले की झाड खंगते आणि मग घरची मंडळी कुऱ्हाड शोधू लागतात.

औषधापूर्वी झाडाखालील पालापाचोळा पाहावा. रोगाचे बीज गळलेल्या व फांदीवर लटकून राहिलेल्या रोगट पानांवर टिकून राहते. परसात ही पाने झाडाच्या बुडाशीच कुजत ठेवण्याची चाल आहे. खत म्हणून ती चांगली असली तरी तांबेऱ्याच्या दृष्टीने अनिष्ट आहे. गळलेली सर्व पाने दर आठवड्यास झाडून खोल खड्ड्यात पुरावीत. खड्डा झाडापासून दूर असावा व पानांवर वीतभर माती टाकावी. एका झाडाचा पाला म्हणजे फार तर दोन-चार पाट्या. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि कोणत्याही फवाऱ्याइतकेच मोलाचे आहे.

झाडात हवा व ऊन खेळेल अशी छाटणीही तितकीच महत्त्वाची आहे. परसातील झाडे बहुधा कधीच छाटली जात नाहीत. मधल्या फांद्या एकमेकींत गुंततात व पावसाचे पाणी पानांवर तासन्‌तास राहते. अंजिराची फळे नव्या वाढीवर येतात. म्हणून छाटणीने झाडाचे नुकसान होईल ही भीती निराधार आहे. उन्हाळ्यात तयार होणाऱ्या मीठा बहारासाठी पुरंदरकडील बागायतदार पावसाळा सरता सरता छाटणी करतात. घरगुती झाडासही तो काळ सोयीचा आहे. दाटी करणाऱ्या, वाळलेल्या व जमिनीस टेकणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि मोठ्या कापांवर बोर्डो मलम लावावे. पावसाळ्यात पिकणाऱ्या खट्टा बहाराची फळे तशीही आंबट व पाणचट असतात. ज्या घरी तांबेरा दरवर्षी येतो तेथे ह्या बहाराचा मोह सोडून पाने सांभाळण्याकडे लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

फवारणी करावयाची झाल्यास एक टक्का बोर्डो मिश्रण हा जुना पण खात्रीचा उपाय आहे. एक-दोन झाडांस दहा लिटर पुरते. शंभर ग्रॅम मोरचूद फडक्यात बांधून पाच लिटर पाण्यात रात्रभर टांगून ठेवावे. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे. लोखंडी अथवा जस्ताची बादली वापरू नये. दुसऱ्या भांड्यात शंभर ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्याने विरवून पाच लिटर निवळी करावी व फडक्यातून गाळून घ्यावी. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतीत काठीने ढवळावे. मिश्रण आकाशी रंगाचे होते. त्यात घासून लखलखीत केलेले विळ्याचे पाते मिनिटभर बुडवावे. पात्यावर तांबूस पुट चढले तर मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. नाहीतर कोवळी पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. शिळे मिश्रण निरुपयोगी होते.

पहिली फवारणी पावसाच्या आरंभी, नवी पाने पूर्ण उमलल्यावर, म्हणजे रोग दिसण्याच्या आधी करावी. त्यानंतर पावसाळा असेपर्यंत सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा करावी. बोर्डो मिश्रण हे पानावर चिलखताप्रमाणे काम करते; आत शिरलेली बुरशी ते मारीत नाही. पान तपकिरी पडल्यावर मारलेला फवारा म्हणूनच वाया जातो. पानाच्या खालच्या बाजूस तुषार पोचणे अवश्य आहे, त्यासाठी पंपाचे तोंड वर करून धरावे. बोर्डोऐवजी मॅन्कोझेब ७५ टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी, दहा लिटरास २५ ग्रॅम ह्या प्रमाणात, अनेकजण वापरतात; डब्यावरील सूचना व फळ तोडण्यापूर्वीचा थांबण्याचा काळ मात्र वाचूनच वापरावी. फळे रंगावर आल्यावर कोणतीच फवारणी करू नये. आधी फवारलेल्या झाडाची फळे धुतल्याशिवाय कोणास खाऊ देऊ नयेत.

न्हाणीचे पाणी

तांबेऱ्याखालोखाल मी परसातील झाडांवर जो दोष पाहतो तो पुस्तकांतून क्वचितच वर्णिलेला असतो, कारण तो बागेत होत नाही. पुरंदर तालुक्यातील एका वस्तीवर एका आजींच्या घरामागे दोन अंजिरे होती. त्या फळे सासवडच्या बाजारी पाठवीत, व नातवंडांच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्यातून निघे. दोन वर्षे झाडांची पाने जात होती. दुकानदाराने दिलेले औषध दोनदा मारून झाले होते, आणि ह्या उन्हाळ्यात दोन्ही झाडे तोडावयाची असे मुलाने ठरविले होते.

“साहेब, औषध मारलं की आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच,” आजी म्हणाल्या.

“आजी, धुण्याभांड्याचं पाणी कुठं जातं?” असे विचारता त्यांनी पन्हाळीकडे बोट दाखविले. पन्हाळ थेट एका झाडाच्या आळ्यात उतरत होती. त्या झाडाच्या जुन्या पानांच्या कडा टोकाकडून आत वाळत गेल्या होत्या. पाठीमागे भुकटी मुळीच नव्हती. आळ्यातील माती कडक होऊन तिच्यावर पांढुरके पापुद्रे आले होते. दुसरे झाड भिंतीजवळ सावलीत होते व त्याच्या पानांवर बोट फिरविताच तपकिरी पूड लागली. एकाच परसात, वीस पावलांच्या अंतरावर, दोन झाडांस दोन निराळे विकार होते व दोहोंवर एकच औषध मारले गेले होते.

साबण व धुण्याचा सोडा ह्यांतील क्षार जमिनीत साठले की मातीचे कण बसून ती घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही, आणि क्षार पानांच्या कडांशी गोळा होऊन तो भाग जळतो. यास औषध नाही. पन्हाळीची वाट बदलावी व त्या पाण्यावर अळू, केळ अथवा कर्दळ लावावी. आपल्या घरांतून ही रीत पूर्वापार आहे ती उगीच नाही. अंजिराच्या आळ्यातील पापुद्रा खरवडून काढावा, चांगले कुजलेले शेणखत दोन-तीन पाट्या मिसळावे व विहिरीचे गोडे पाणी एकदम भरपूर देऊन क्षार खाली निचरून जातील असे करावे. निचरा नसेल तर आधी चर काढावा. जिप्सम घालावयाचे असल्यास प्रथम माती तपासून घ्यावी. जळलेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत, तेव्हा नव्या पालवीवरून सुधारणा जोखावी. त्या वस्तीवरील पन्हाळीखालच्या झाडाने पुढील पालवी निरोगी काढली. भिंतीजवळच्या झाडाची छाटणी व बोर्डोची फवारणी झाली. त्याच्या पहिल्या पावसाळ्यात पाने थोडी झडलीच, पण झाड उघडे पडले नाही. कुऱ्हाड मागे घेतली गेली.

मुळांकडील दोष

झाड खुरटे, पाने लहान व फिकी, उन्हात दुपारी माना टाकणारी व खत-पाणी देऊनही न सुधारणारी असतील, तर आळ्याच्या कडेची माती खुरप्याने वीतभर उकरून बारीक मुळे पाहावीत. मुळांवर गाठी असतील तर ते सूत्रकृमींचे काम होय. हरभरा-भुईमुगाच्या मुळांवरील उपयुक्त गाठी नखाने सहज सुटून येतात. सूत्रकृमींच्या गाठी मूळच फुगून झालेल्या असल्याने सुटत नाहीत. अंजीर ह्या किडीस फार लवकर बळी पडते. परसात अंजिराभोवती वांगी, टोमॅटो, भेंडी लावण्याची पद्धत आहे. ही तिन्ही पिके त्याच सूत्रकृमींची आवडती खाद्ये आहेत. ती तेथून हलवावीत, भोवती झेंडू लावावा व प्रत्येक झाडास एक ते दोन किलो निंबोळी पेंड मातीत मिसळावी. सूत्रकृमी समूळ जात नाहीत, पण झाड त्यांच्यासह चांगले जगू शकते.

आळ्यात पाणी साचत असेल तरीही पाने पिवळी पडून लोंबतात व माती ओली असूनही झाड तहानलेले दिसते. अशा वेळी घरची मंडळी आणखी पाणी घालतात! अंजिरास पाण्याचा निचरा हवा, एवढे त्यांस समजावून द्यावे.

कोवळ्या पानांच्या हिरव्या शिरांमधील भाग पिवळा असेल तर जवळपास घराच्या बांधकामाचा चुना, सिमेंटचा राडा पडला आहे काय ते पाहावे. चुनखडीच्या जमिनीत लोह मुळांस लागू होत नाही. राडा उचलून शेणखत भरावे व दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि एका लिंबाचा रस घालून सायंकाळी फवारावे. हिराकस फिकट हिरवे व मोरचूद निळे असते. दुकानातून आणताना त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

किडी

खोडावर भोक व खाली लाकडाचा भुसा दिसला तर खोडकिडा आहे. तारेच्या आकड्याने अळी ओढून काढावी, भोकात रॉकेलचा बोळा घालून ते शेणमातीने लिंपावे. पाने चिकट व त्यांवर काजळी आली असेल तर काजळीवर औषध मारू नये. ती पिठ्या ढेकूण अथवा खवले किडीच्या गोड स्रावावर वाढते. दाट किडीचे शेंडे काढून जाळावेत, उरलेली पाने साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावीत व पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, दहा लिटर करावी. रस्त्याच्या कडेच्या धुळकट झाडांवर उन्हाळ्यात कोळी फार होतात. पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास ते पुष्कळ कमी होतात. गंधक वापरावयाचे तर कडक उन्हात नको, पाने भाजतात.

केवडा, व कलमांची निवड

पानांवर फिकट पिवळे, आरपार उजेड दिसणारे वेडेवाकडे डाग असून पान एका बाजूस वाकडे झाले असेल, आणि भुकटी, चिकटपणा काहीच नसेल, तर तो विषाणूजन्य केवडा होय. अंजिरावरील ह्या रोगाचे वर्णन १९३३ साली कॅलिफोर्नियात प्रथम झाले. १९५५ मध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या एका सूक्ष्म कोळ्याद्वारे तो पसरतो असे सिद्ध झाले, व त्याचा विषाणू २००९ साली नीट ओळखला गेला. यावर औषध नाही. एकदा रोग लागलेले झाड आयुष्यभर रोगीच राहते, मात्र खतपाणी नीट असल्यास पुष्कळ झाडे बरी फळतात. म्हणून ते तोडण्याची घाई नको. कटाक्ष पाळावयाचा तो एवढाच, की त्या झाडाची फाटी कोणास देऊ नयेत. शेजारधर्म म्हणून दिलेल्या एका छाट्यातून हा रोग गावभर जातो. रोपे करावयाची तर सलग दोन हंगाम निरोगी पाहिलेल्या झाडाचीच फाटी घ्यावीत, आणि ती नव्या, वांगी-टोमॅटो न घेतलेल्या मातीत लावावीत. जातिवंत रोपांसाठी पुरंदर तालुक्यातील जाधववाडी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अंजीर व सीताफळ संशोधन केंद्राकडे चौकशी करता येईल.

थंडीत जुनी पाने डाग न पडता गळत असतील तर तो रोग नव्हे; अंजीर हे पानगळीचे झाड आहे. फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवी व चिकाळ असेल तर झाड केवळ विश्रांती घेत आहे.

इतके करूनही निदान होत नसेल तर नमुना तज्ज्ञांकडे पाठवावा. पाच-सहा पाने, काही निरोगी व काही नुकती बिघडू लागलेली, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून पाठवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती वाटेतच कुजतात. मुळे पाठविल्यास थोडी ओलसर माती त्यांच्याबरोबर असावी. सोबतच्या कागदावर झाडाचे वय, दोष प्रथम केव्हा दिसला, कोणत्या पानांपासून सुरू झाला, आजवर काय फवारले आणि घरातील सांडपाणी कोठे जाते, हे लिहावे.